डोंगर, स्क्वेअर फुटाने

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या पहाडावर जिवती नावाचं तालुक्याचं गाव आहे. या गावातल्या भिंतींवर काय काय टांगलेलं असतं याचा हिशेब मांडला, तर पहिला नंबर देवांचा, दुसरा स्वर्गवासी वाडवडिलांचा आणि तिसरा डोंगरांचा लागेल. डोंगर म्हणजे चित्रातले. डोक्यावर बर्फ, पायथ्याशी निळंशार तळं, तळ्यात त्याच डोंगराचं उलटं रूप, काठावर एक लाकडी घर आणि त्या घराच्या धुराड्यातून निघालेली धुराची शेपटी. या सीनरीशिवाय नवं घर पुरं झालं असं पहाडावर कुणी मानत नाही.

बरं, ज्या घरात ही सीनरी लागते ते घर स्वतः डोंगरावर असतं. गडचांदूर सोडलं की एसटी घाटाला लागते, ड्रायव्हर गिअर खाली आणतो, मागच्या सीटवरची बाई पदराचं टोक नाकाला लावते आणि मंडळी पहाडावर येतात. दार उघडलं तर पहाड, खिडकी उघडली तर पहाड, परसात गेलं तर पुन्हा पहाडच. अशा खिडकीला घरमालक फुलाफुलांचा पडदा लावतो आणि पडद्याशेजारी खिळा ठोकून स्वित्झर्लंड टांगतो.

शहरातल्या पाहुण्यांना हे बघवत नाही. नागपूर-पुण्याकडचा पाहुणा श्रावणात इथे आला की आधी दोन्ही हात कमरेवर ठेवून मोठा श्वास घेतो. मग म्हणतो, "काय भाग्यवान आहात हो तुम्ही! रोज हे बघायला मिळतं!" भाग्यवान माणूस त्या वेळी मोबाइल डोक्यावर धरून अंगणभर रेंज शोधत फिरत असतो. घरात शिरल्यावर पाहुण्याची नजर भिंतीकडे जाते आणि तो दुखावतो. दारात एवढा निसर्ग असताना हे परदेशी पोस्टर कशाला?

माझ्या मते यात पाहुण्याला काही कळत नाही आणि घरमालकाला सगळं कळतं. ज्याच्यावर दिवसभर राबायचं तेच संध्याकाळी भिंतीवर कोण लावतं? बँकेतला कॅशिअर घरी नोटांचे फोटो लावत नाही. पहाडावरचा डोंगर म्हणजे काम. त्याच्यावर कापूस आहे, तूर आहे, तुरीत शिरणारी रानडुकरं आहेत, मार्चातच तळ दाखवणारी विहीर आहे आणि जमीन वनखात्याची की महसुलाची या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं बसून राहिलेली फाइल आहे. सीनरीतल्या डोंगराला सातबारा लागत नाही. तिथे रानडुक्कर नाही, तलाठी नाही, तळं बाराही महिने काठोकाठ. टँकरची चिठ्ठी घेऊन कुणाच्या मागे फिरायला नको. असा डोंगर मिळत असेल तर तो का नाही टांगायचा?

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण जिवतीत चालत नाही, कारण इथल्या माणसाला दूर जायचं तर आधी डोंगर उतरावा लागतो. त्यापेक्षा दूरचाच डोंगर घरी आणलेला स्वस्त पडतो.

पहाडावरच्या वस्तीचं मूळ पाहिलं तर हे अधिकच पटतं. गोंड आणि कोलाम इथले जुने. बाकी पुष्कळ मंडळी १९७२ च्या दुष्काळानंतर नांदेड, लातूर, परभणीकडून आली. पोट भरायला आलेला माणूस डोंगर बघायला येत नाही, तो डोंगराचा उतार किती आणि माती किती खोल हे बघतो. गावातल्या एका चहाच्या हॉटेलचे मालक याच मंडळींच्या पुढच्या पिढीतले. त्यांना मी एकदा विचारलं, वडील इथे आले तेव्हा त्यांना हे सगळं बघून काय वाटलं असेल? ते म्हणाले, "काय वाटायचं? आमचा बाप आला तवा पयलं पानी कुटंय ते बगितलं. डोंगर बगायला टाइम कुनाला हुता!"

हे सांगताना ते ज्या भिंतीला टेकले होते, ती भिंत म्हणजे अखंड एक धबधबा आहे. थ्री-डी वॉलपेपर म्हणतात ते. जमिनीपासून छतापर्यंत पर्वत आणि त्यातून कोसळणारं पांढरं पाणी. वॉलपेपर लावणाऱ्यानं मापं घेतली तेव्हा भट्टी दुसऱ्या कोपऱ्यात होती. पुढे भट्टी हलवली, धबधबा हलवता आला नाही. आता ते पाणी वरून निघतं, खडकावर आपटतं आणि थेट भज्यांच्या कढईत पडतं. तेल तडतडलं की अगदी खरं वाटतं. गेल्या काही वर्षांत तेलाचे शिंतोडे आणि धुराची काजळी पायथ्याच्या देवदारांपासून चढत चढत बर्फापर्यंत पोचली आहे. हिमरेषा दरवर्षी वीतभर वर सरकते. हवामानबदलावरच्या परिषदा जिनिव्हाला का भरवतात कोण जाणे. इथे भरवल्या तर पुरावा समोर आणि भजी गरम.

सलूनमधला डोंगर वेगळ्या कामाचा. चंद्रपूरचा मे महिना माहीत असेल त्याला वेगळं सांगायला नको. पारा ४७-४८ अंशांपर्यंत जाणारा आपला जिल्हा. पहाडावर थोडं कमी असतं म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांचं तोंडही घामानं डबडबलेलं असतं. अशा दुपारी लाइन जाते, कूलर थांबतो, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती नायलॉनचं कापड घट्ट बांधलेलं असतं. मागच्या भिंतीवर आल्प्स असतो आणि तो समोरच्या आरशात उलटा दिसतो. कारागीर कंगव्यानं मान सरळ करत म्हणतो, "तिकडं पाहा न साहेब, सीनरीकडं. थंड वाटते." गिऱ्हाईक खरंच पाहतं. त्याला थंड वाटतं का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही, कारण त्या वेळी त्याच्या मानेवर वस्तरा असतो.

हा बर्फ आपल्या भिंतींवर आला कुठून? छापील चित्र घरोघरी नेलं ते राजा रविवर्म्यानं. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि प्लेगच्या धामधुमीत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मळवली म्हणजे लोहगड-विसापूरचा पायथा. दारात एवढे दोन खानदानी किल्ले उभे, पण छापखान्यानं गाजवल्या लक्ष्मी आणि सरस्वती. म्हणजे दारातला डोंगर न दिसणं हा काही आम्हा जिवतीकरांचाच दोष नव्हे. देवांच्या पाठीमागे मात्र कुठेकुठे निळसर डोंगर असायचे. आमच्या आज्यांनी पाहिलेली पहिली सीनरी तीच, अर्धी देवानं झाकलेली.

बर्फ खरा आणला हिंदी सिनेमानं. १९६४ च्या 'संगम'नं राज कपूर-वैजयंतीमालाला युरोप फिरवून आणलं. मग यश चोप्रांनी 'चांदनी'पासून स्वित्झर्लंडचा असा काही रतीब घातला की तिथल्या इंटरलाकेन गावानं २०१६ साली त्यांचा पुतळाच उभारला. शिफॉनच्या साडीत बर्फात नाचणाऱ्या नायिकेला थंडी कशी वाजत नाही हे कोडं काही सुटलं नाही, पण मागचा डोंगर आमच्या मनात बसला. नायिका हातची जाणारच होती. डोंगर तेवढा विकत मिळायला लागला.

तो मिळतो गडचांदूरला. फोटो फ्रेमिंग, लॅमिनेशन आणि फ्लेक्स प्रिंटिंग एकाच गाळ्यात. दुकानदार कॅटलॉग उघडतो आणि विचारतो, "कुठला पायजे? झरना, सनसेट, का बर्फ?" नंतर भिंतीचं माप विचारतो. साधा फ्लेक्स, व्हिनाइल, कॅनव्हास असे डोंगराचे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा स्क्वेअर फुटाचा भाव वेगळा. काच आणि सोनेरी पट्टी वेगळी. पैसे कमी पडत असतील तर दुकानदार आकाश कापून देतो. शिखर मात्र कापत नाही. धंद्याची काही नीती असते. एका गिऱ्हाइकानं आडव्या भिंतीसाठी उभा डोंगर पसंत केला, तेव्हा त्यानं तो कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी ताणला. पाच हजार मीटरांचा डोंगर बघता बघता माणिकगडाएवढा बसका झाला. गिऱ्हाईक खूश. म्हणे, आता ओळखीचा वाटतो.

वास्तुशास्त्राचा सल्ला दुकानदार फुकट देतो. डोंगर बसायच्या जागेच्या पाठीमागे असावा, म्हणजे पाठबळ मिळतं. पाणी दाराकडे वाहणारं नको, पैसा वाहून जातो. म्हणून तालुक्याच्या गावातला कुठलाही साहेब बघा, त्याच्या खुर्चीमागे हिमालय असतो. समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला साहेबाच्या दोन्ही कानांच्या बाजूंनी दोन शिखरं वर आलेली दिसतात. काम होणार नाही हे त्याला तिथेच कळतं.

गडचांदूरला डोंगर आणखी एका तऱ्हेनं विकला जातो. गाळ्यात स्क्वेअर फुटाने, आणि गावाबाहेर पन्नास किलोच्या गोणीने. माणिकगडच्या पहाडात आणि त्याच्या आजूबाजूला चुनखडी आहे, आणि जिथे चुनखडी तिथे सिमेंटचे कारखाने. एक टन क्लिंकर करायला साधारण दीड टन चुनखडी लागते. ती दळून, भट्टीत साडेचौदाशे अंशांपर्यंत भाजतात. भाजताना चुनखडीच्या वजनातला ४४ टक्क्यांच्या आसपास भाग वायू होऊन आकाशात जातो. म्हणजे डोंगराचा थोडा भाग सदेह स्वर्गाला जातो आणि उरलेला गोणीत भरतात. गोणीत औष्णिक वीज केंद्राची राखही मिसळतात. दगड जिल्ह्याचा, राख जिल्ह्याची. जिल्ह्याबाहेर जाते ती वीज.

आता ही गोणी पहाडावर परत येते. तिची भिंत होते. घरमालक कुडाची भिंत पाडून सिमेंटची बांधतो, आणि भिंत झाली की सीनरी आणतो. मग येतो खिळ्याचा प्रसंग.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. घरमालक स्टुलावर. धाकटा भाऊ स्टूल धरून. बायको दारातून "डावीकडं... आणखी डावीकडं" असं सांगत. म्हातारी आई फ्रेम मांडीवर घेऊन बसलेली, काचेत आपलं तोंड बघत. पहिला ठोका. खिळा वाकतो. दुसरा खिळा. तो टणकन उडून धान्याच्या कोठीमागे जातो. तिसऱ्या खिळ्याच्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसते आणि घरमालक सिमेंटवाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. भिंतीवर पैशाएवढा पोपडा निघतो, त्यातून थोडी करडी भुकटी सांडते, आणि खिळा आहे तिथेच.

त्याला कोण सांगणार की समोर माणिकगडची चुनखडी आहे! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तिचे थर बसले तेव्हा आल्प्सचा पत्ता नव्हता. वयाच्या हिशेबानं आल्प्स तिच्यापुढे पोरसवदा. सुरुंग सोसून, जबड्यात भरडून, साडेचौदाशे अंशांतून तावून निघालेली ती म्हातारी, तिच्या छातीवर कुठल्या परक्या पोराची तसबीर लावायची म्हटल्यावर सहजासहजी खिळा घेईल होय? शेवटी शेजारचा ड्रिल मशीन आणतो, गुल्ला ठोकतो, स्क्रू पिळतो. भिंत आपल्या डोंगराची, चित्र परक्या डोंगराचं, आणि मधे चिनी बनावटीचा स्क्रू.

सीमेवरच्या गावांत याहून मौज. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावं जिवती तालुक्यात, महाराष्ट्राची म्हणवणारी; तेलंगणही त्यांना आपलीच म्हणतो. हा सगळा राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात होता, त्याचं हे शेपूट. परिणाम असा की इथे दोन राज्यांची रेशन कार्डं, दोन राज्यांच्या शाळा, दोन राज्यांच्या निवडणुका. दोन मुख्यमंत्र्यांचे फोटो असलेल्या दोन पिशव्या एकाच खुंटीला लटकतात. आणि त्यांच्यावर टांगलेला डोंगर तिसऱ्याच देशाचा. त्याच्यावर कुणाचाच दावा नसल्यामुळे घरात तोच तेवढा निवांत असतो.

शाळेत काय चालतं? ड्रॉइंगच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की पहाडावरचं पोरगं इतर महाराष्ट्रातल्या पोरांसारखंच दोन टोकदार त्रिकोण काढतं, मधून अर्धा सूर्य, सूर्यातून नदी, नदीकाठी नारळ. जिवतीत नारळ? विचारू नका. आमचा पहाड वरून सपाट आहे, पाटासारखा. टोक त्याला कुठेच नाही. एका गुरुजींनी एकाला खिडकीशी नेलं आणि म्हणाले, तो बघ खरा पहाड, तसा काढ. पोरानं बाहेर बघितलं, गुरुजींकडे बघितलं आणि म्हणालं, "सर, तो पहाड कुठं हाये? ते तं आपलं गाव हाये."

गुरुजींनी त्रिकोणाला दहापैकी आठ मार्क दिले. मी असतो तर उत्तराला दहा दिले असते.

खरं सांगायचं तर डोंगराचं चित्र काढणाऱ्यानं डोंगराशी इमान राखावं, असा दंडक मोठ्या चित्रकारांनीही कधी पाळला नाही. अल्बर्ट बीअरस्टाट नावाचा चित्रकार १८५९ मध्ये एका सर्वेक्षण तुकडीबरोबर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात गेला, रेखाटनं करून परत आला आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून १८६३ साली दहा फूट रुंदीचं चित्र रंगवलं. त्याचं शिक्षण जर्मनीतलं, आल्प्स त्यानं आधीच पाहिलेला. त्यामुळे त्याचा रॉकी पर्वत आल्प्सच्या वळणावर गेला, शिखर वाजवीपेक्षा उंच आणि टोकदार झालं, असं जाणकार सांगतात. लोकांना हरकत नव्हती. चित्र २५ हजार डॉलरला गेलं आणि ज्यांच्याकडे २५ हजार नव्हते त्यांच्यासाठी त्याची कोरीव छपाई निघाली. म्हणजे अमेरिकेतही घरच्या डोंगराला आल्प्सचा मेकअप केल्यावरच गिऱ्हाईक लागलं.

जपानचा होकुसाई त्याच्याही आधीचा. सत्तरी गाठताना त्यानं फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची मालिका काढली. खपली इतकी की आणखी दहा काढावी लागली. छत्तीस दृश्यांच्या मालिकेत शेहेचाळीस चित्रं झाली, नाव तेच राहिलं. त्या चित्रांचा प्रसिद्ध निळा रंगही बाहेरून आलेला, युरोपात शोध लागलेला. आणि किंमत म्हणाल तर, अभ्यासक सांगतात, दोनेक वाडगे नूडल्सची. गडचांदूरच्या दुकानदाराला मी ही हकीकत ऐकवली. तो हिशेब करून म्हणाला, "एवढ्यात लॅमिनेशनपण पडत नाही."

त्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसणारा एक पोरगा आहे. जिवतीकडचाच. त्यानं ऑगस्टमध्ये घाटातून माणिकगडचा मोबाइलवर फोटो काढला: धुकं, ओला हिरवा उतार, वर सपाट रेघ. मोठा करून दुकानात लावला. महिनाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. एकानं विचारलं, "हे काय, प्लॉट विकायचाय का?"

मग पोरगं कामाला लागलं. सपाट माथ्याला दोन टोकं काढली. टोकांवर बर्फ टाकला. पायथ्याशी तळं आणलं आणि तळ्यात दोन हंस सोडले. मला स्क्रीनवर एकेक थर उघडून दाखवत होता. "पहाड आपला हाये सर. बर्फ काश्मीरचा. तळं कॅनडाचं. हंस फ्री डाउनलोड." फोटोच्या एका अंगाला पांढरा ओरखडा होता, खाणीच्या पायऱ्यांचा. तो त्यानं माउसनं हिरवा भरून टाकला, दोन मिनिटांत. खाण संपल्यावर तिथे झाडं लावावीत असा नियम आहे. या पोरानं खाण चालू असतानाच लावून दिली.

ती सीनरी खपली. दोन दवाखान्यांत गेली, एका नव्या लॉजमध्ये गेली, एका बंगल्यात जिन्यावर लागली. विकत घेणारा विचारतो, "मनालीची का?" पोरगं म्हणतं, "त्याच साइडची."

परवा ते चहाच्या हॉटेलवाले धबधबा बदलायचा म्हणून आले होते. त्यांनी ही सीनरी बराच वेळ न्याहाळली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे वळन आपल्या घाटाचं हाय का रं?"

पोरगं हसलं. "हाव न, काका."

"मग ह्याच्या वर आमचं हाटेल दिसाया पायजे."

"होतं काका. बर्फाखाली गेलं."

काका विचारात पडले. बर्फाकडे पाहिलं, हंसांकडे पाहिलं, भिंतीचं माप लिहिलेली चिठ्ठी खिशातून काढली.

"बर्फ ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हाटेल तेवढं वर घे. आन् बोर्डावरची अक्षरं मोठी कर."